पट्टा मोठीवर

आमच्या घरात बोलायचं ते आरा थांबला की. नांदेडला आमची लाकडाची वखार आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि भिंतीपलीकडे दिवसभर आऱ्याचं गोल पातं फिरायचं. एक फळी निघून दुसरी लागेपर्यंत जी उसंत मिळे तेवढ्यात आई भाजीवालीशी घासाघीस करायची, मी पाठांतर म्हणून दाखवायचे, आलेले पाहुणे ख्यालीखुशाली विचारून घ्यायचे. पातं लाकडात शिरलं की सगळे जिथल्या तिथे थांबत आणि ते बाहेर पडलं की वाक्य तिथूनच पुढे सुरू होई. अजूनही मी बोलता बोलता मध्येच थांबते. मुलांना वाटतं, आईचं वय झालं, विसरायला लागली. मी विसरत बिसरत नाही, सवयीने पात्याला वाट करून देते एवढंच.

आमचा स्वयंपाकही आऱ्यावरच चाले म्हणायला हरकत नाही. पत्र्याच्या शेगडीत मधोमध बाटली उभी करायची, तिच्याभोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद उपसून घ्यायची आणि त्या भोकातून पेटवायचं. भुशातही आईच्या आवडीनिवडी होत्या. सागाचा भुसा मंद जळतो म्हणून तो वरणाला. बाभळीचा कडक, तो पाण्याच्या हंड्याखाली. आंब्याचा नुसताच धूर करतो म्हणून त्याला ती शिव्या घालायची आणि शेवटी तोच वापरायची, कारण आंबाच जास्त कापला जाई. रविवारी सकाळी चुरमुरे भिजवून त्यांची सुशीला व्हायची, वरून शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. पुढे पुण्याला गेले तेव्हा तिथल्या मैत्रिणींना नाश्त्याला सुशीला केली असं सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. हसू द्या. त्यांना खायला मिळाली नाही, नुकसान त्यांचं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, एरवी मवाळ माणूस, पण आऱ्यापाशी उभे राहिले की कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की लाकूड कापायला ताकद लागत नाही, वेग कळावा लागतो. मऊ लाकडाला पातं जोरात फिरलं पाहिजे, नाहीतर ते कापण्याऐवजी फाडत जातं. बाभूळ, चिंच अशा कठीण लाकडाला पातं सावकाश हवं, नाहीतर ते तापतं, लाकूड जळतं, आणि तापलेलं पातं लहरायला लागलं की मग कुणाचं नशीब कसं असेल सांगता येत नाही. त्यातही पातं जेवढं मोठं तेवढी त्याची कड जास्त जोरात धावते, म्हणून मोठ्या पात्याला आणखी सावकाश घ्यायचं. हे सगळं साधायचं ते पुलीवर. मोटरीच्या पुलीला तीन पायऱ्या असत, मोठी, मधली आणि बारकी, एकावर एक उलट्या ठेवलेल्या ताटांसारख्या. समोर पात्याच्या दांड्यावर तशीच दुसरी पुली, पण उलट्या क्रमाने, म्हणजे मोठीसमोर बारकी यायची. लाकूड बघायचं आणि कोणत्या पायरीवर पट्टा चढवायचा ते ठरवायचं. मोटर आमच्याकडे बाहेर ओट्यावर होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि दांड्यावरची पुली मेजाखाली भुशात बुडालेली. त्यामुळे बोलणं व्हायचं ते मोटरीच्या पुलीचं. पट्टा मोठीवर म्हणजे पातं भन्नाट, बारकीवर म्हणजे सावकाश.

हे शब्द भिंत ओलांडून घरात आले होते. अप्पा चिडलेले असले की आई आम्हाला डोळ्यांनी दटावून म्हणायची, "आज मोठीवर हायेत, जरा लांब राहा." परीक्षा जवळ आली की "आता टाक की मोठीवर", आणि कुणी बडबड थांबवेना तर "बारकीवर ये गं बाई, कान किटले." आम्हाला वाटायचं सगळं जग असंच बोलतं. परवा नातवाने हातात धरायचं करवतीचं यंत्र आणलं. त्याला वेगासाठी बोटाने फिरवायची चकती आहे, एक ते सहा आकडे लिहिलेली. मी विचारलं, बाभळीला किती ठेवायचं? तो म्हणाला, आजी, बाभूळ कोण कापतंय, प्लायवूड आहे. पट्टा नाही, पुली नाही, आणि भांडायला जागाच नाही. मला त्या चकतीचा थोडा रागच आला.

मी अठरा वर्षांची होते आणि कॉलेजला सुट्टी लागली होती तेव्हाची ही गोष्ट. अप्पांची थोरली बहीण लातूरला दिलेली. माझी आत्या. तिच्या घरामागेही आरा होता, आतोबांचा, आणि आतोबा त्या हिवाळ्यात आजारपणाने गेले होते. मूलबाळ नव्हतं. आता ती आमच्याकडे कायमची येणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं, फक्त तिने नाही. मग एक दिवस तिचे दीर नागनाथकाका लातूरहून थेट आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि चहाचा कप हातात घेऊन अप्पांना म्हणाले, "बापूराव, वैनीचं डोस्कं फिरलंय. सवताच आरा चालवायल्यात. नवं पातं आनलंय, पहिल्यापेक्षा मोठं. बाईमाणूस आऱ्यावर! गाव हसून राह्यलं."

"चालवायलीय म्हंजे? कापायलीय?" अप्पांनी विचारलं.

"आंबा कापला म्हनं. निंब कापला. आता मानिक सुताराची बाभूळ आलीय, गाडीच्या चाकाची. मी सांगून टाकलं, वैनी, ती बाभूळ नीट कापून दावा, मी कदी काय बोलनार न्हाई. न्हाई जमलं तर मशीन इकायचं, घर मोकळं करायचं आन् तुमी भावाकडं जायचं. तर हाव म्हनल्या."

मागच्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचा काकांचा बेत होता, हे ते बोलले नाहीत, पण ते गुपितही नव्हतं. माणूस वाईट नव्हता. त्यांना आत्याची काळजीही होती आणि गाळेही हवे होते, दोन्ही एकाच वेळी. अप्पांचा चेहरा मात्र उतरला. त्यांना बहीण घरी यायला हवी होती. मायेने हवी होती, आणि कुणी तिला हसलेलं त्यांना सोसणार नव्हतं. ते आईला म्हणाले, "आतली खोली झाडून ठेव. अक्काला घिऊनच येतो." आत्याचं सामान बांधायला मी बरोबर निघाले.

लोह्यावरून, अहमदपूरवरून एसटीने लातूरला पोचलो तर आत्या वखारीच्या दारातच उभी होती. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, डोक्याला फडकं बांधलेलं, भुवयांवर भुसा. अप्पांकडे बघून ती हसली आणि मला जवळ घेतलं, तर तिच्या अंगाला आमच्या घराचाच वास. जेवायला अंबाडीची भाजी, भाकरी आणि येसराची आमटी होती. तिच्या हाताखाली गुंडप्पा म्हणून उदगीरकडचा गडी होता, आतोबांच्या वेळचा, पन्नाशीचा. तो आमच्याबरोबरच जेवायला बसला आणि भुकेने भराभरा घास मारायला लागला. आत्या भाकरी थापता थापता त्याला म्हणाली, "गुंडप्पा, मोठीवर घे जरा. ठसका लागंल." मला वाटलं ही त्याला आणखी घाई करायला सांगतेय. मी हसले, कुणीच हसलं नाही, आणि गुंडप्पा सावकाश चावायला लागला. माझ्या मनात काहीतरी अडकलं, पण काय ते कळलं नाही.

जेवण झाल्यावर अप्पांनी विषय काढला. "अक्का, कशाला हे? माझं घर काय परक्याचं हाय?"

"तुझ्या घरी मी राखीला येईन बापू, दिवाळीला येईन. बोलावलंस तर तुझ्या लेकीच्या लग्नात म्हैनाभर राबीन. पर राहायला न्हाई येनार."

"कामून पर?"

"इथं मी कुनाला इच्यारून च्या करत न्हाई, म्हनून."

अप्पांना ते लागलं. मलाही त्या वयात लागलं, आमच्याकडे कोण तिला चहाला अडवणार होतं! आता माझं स्वतःचं स्वयंपाकघर मुलाच्या संसारात मिसळून गेल्यावर मला ते वाक्य रोज कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाभूळ कापायची ठरली. नागनाथकाका आले, माणिक सुतार आले. सुतार गरीब गाय माणूस, त्यांना फक्त आपलं लाकूड नीट मिळायला हवं होतं, आणि ते परत परत त्या ओंडक्यावरून हात फिरवत होते. दोन उन्हाळे वाळलेली बाभूळ, आतून तांबडी, टाचणी जाणार नाही अशी. चाकाला असंच लाकूड लागतं. आतोबांनी जागा वाचवायला मोटर जमिनीत खड्डा करून त्यात बसवली होती आणि वर फळ्या टाकल्या होत्या. वर दिसायची ती पात्याच्या दांड्यावरची पुली, तीही आत्याच्या बाजूने. आम्ही सगळे मेजाच्या दुसऱ्या बाजूला उभे होतो, तिथून काहीच दिसत नव्हतं. आत्याने दांड्यावरचा पट्टा आधीच लावून ठेवला होता. तिने हात जोडून पात्याला नमस्कार केला, आणि ती बटण दाबणार एवढ्यात अप्पांनी विचारलं, "पट्टा कशावर हाय अक्का?"

"मोठीवर."

अप्पा दचकले. "अगं, बाभूळ हाय ती! बारकीवर टाक."

"बारकीवर? बाभळीला?"

"मग काय मोठीवर? एवढं मोठं पातं, वर वाळलेली बाभूळ. बारकीवर टाक म्हनतो ना!"

आत्याने बटणावरचा हात मागे घेतला. नंतर तिने मला सांगितलं की तिला वाटलं, पातं नवं आहे, बापूने जन्मभर हेच केलंय, त्याला ठाऊक असेल काही. पण खरं कारण मला वाटतं वेगळंच होतं. दीर समोर उभे होते. सासरच्या माणसांसमोर माहेरच्या माणसाला खोडून काढायचं नाही, हे आमच्याकडच्या बायकांच्या अंगात लहानपणीच मुरलेलं असतं. ती वाकली. गुंडप्पा खड्ड्यात उतरला आणि दोघांनी मिळून पट्टा बारकीवर सरकवला, मग वर येऊन त्याने फळ्या परत टाकल्या.

मोटर सुरू झाली आणि पातं बोलायला लागलं. हा आंब्याचा आवाज होता. नांदेडला भिंतीआडून हजारदा ऐकलेला, उंच, पातळ, घाईचा. अप्पांनाही तो कळला, त्यांनी हात वर केला, पण तोवर आत्याने ओंडका पुढे ढकलला होता. आधी जळका वास आला, मग कापाच्या फटीतून धूर, आणि पात्याची कड डोळ्यांना दिसेल अशी थरथरायला लागली. ओंडक्याने एकदम मागे हिसका दिला. गुंडप्पा "अय्यो" म्हणून बाजूला उडाला, पट्टा फटदिशी निसटून भिंतीवर आपटला, गुंडप्पाने धावत बटण बंद केलं आणि सगळं शांत झालं. कुणाला काही लागलं नाही. आत्याचे दोन्ही हात ओंडक्यावर तसेच होते आणि ती ते उचलतच नव्हती.

"बघा," नागनाथकाका हलकेच म्हणाले. त्यात आनंद नव्हता, पण बघा म्हणालेच.

अप्पा रागाने लाल झाले. भीतीने झाले होते, पण आमच्या घरात भीती रागासारखीच दिसायची. "अक्का, मी काय सांगितलं आन् तू काय केलंस! बारकीवर म्हनलो होतो!"

"बारकीवरच टाकलाय."

"खोटं बोलू नको. हा बारकीवरचा आवाज न्हाई. मला आवाज शिकवतीस?"

"बापू, तू म्हनलास म्हनून टाकला. न्हाईतर मी मोठीवरच घेत होते." ती ओंडक्याकडेच बघून बोलत होती. मी तिला आतोबांच्या दिवसांतही अशी बघितली नव्हती. तिच्यापुढे त्या क्षणी दोनच वाटा होत्या, भावाला खोटं ठरवायचं किंवा घर सोडायचं. आणि माझ्या लक्षात आलं की ती दुसरी वाट धरणार आहे. ती डोक्याचं फडकं सोडायला लागली होती.

आणि मला आदल्या दिवशीचा गुंडप्पा आठवला, मोठीवर घे म्हटल्यावर सावकाश जेवायला लागलेला. दोन्ही घरांतलं बोलणं ऐकून त्यातला फरक खटकलेली तिथे मी एकटीच होते. मोठ्या माणसांच्या बोलण्यात तोंड घालायची आम्हाला मुभा नव्हती, पण आरा बंद होता आणि कुणीच बोलत नव्हतं. मी विचारलं, "आत्या, बारकी कोणाची? मोटरीची का पात्याची?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. "मोटरीची कोन बघतंय? ती तर खड्ड्यात हाय. पात्याची."

"आमच्यात मोटरीची म्हणतात."

अप्पा मेजाला वळसा घालून पलीकडे गेले, खड्ड्यावरच्या फळ्या बाजूला केल्या आणि पांढऱ्याशुभ्र धोतरासकट आत उतरले. आम्हाला नुसतं त्यांचं डोकं दिसत होतं. ते मोटरीच्या पुलीला हात लावून बघत होते, मग वर दांड्यावरच्या, मग परत खालच्या. तिथे दिसत होतं ते साधं होतं. एकाची मोठी ती दुसऱ्याची बारकी. आत्याने पट्टा पहिल्यापासून बरोबर लावला होता आणि अप्पांनी तो बोलून बोलून उलटा करवला होता. खड्ड्यातून वर यायला त्यांना जरा वेळच लागला. धोतराला काळं वंगण माखलं होतं. ते नागनाथकाकांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिचं बरोबर होतं. चुकलो मी." मग आत्याकडे वळून, एकदम लहान आवाजात, "अक्का, मोठीवर टाक. तुझ्या मोठीवर."

माझ्या वडिलांनी चुकलो म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी भुशाकडे बघत राहिले.

तेवढ्याने संपलं नाही. पातं गार होईपर्यंत थांबलो, पट्टा चढला, आणि अप्पा बाह्या सारून ओंडक्याला हात घालायला पुढे झाले. आत्या म्हणाली, "तू न्हाई. तू घरात जा."

"आगं, मदतीला उभा राहतो नुसता."

"तू उभा राह्यलास की हे समदे तुझ्याकडं बघतेत. मी पन तुझ्याकडंच बघते. जा, च्या पी."

अप्पा गेले. मी त्यांच्यामागोमाग आत गेले आणि शेगडीवर चहा ठेवला. ते शेगडीपाशी पाटावर बसले, आमच्या घरी आई बसते तसे. अप्पा घरात आणि आरा भिंतीपलीकडे चाललाय, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोटर सुरू झाली. आवाज जाड होता, बसका, घाई नसलेला. मग पातं लाकडात शिरलं आणि सुरात एकसारखी खरखर उतरली. चहा त्यांच्यापुढे तसाच पडून होता. ते मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "गाठ लागली." आवाज दबला. "आता ढकलू नको, ढकलू नको..." भिंतीपलीकडे आत्याने हात सैल सोडला असणार, कारण पातं परत मोकळं होत गेलं, गाठ ओलांडून पुढे निघालं आणि शेवटच्या टोकातून बाहेर पडून स्वच्छ वाजलं. अप्पांनी डोळे पुसले. धूर झालाय म्हणाले. शेगडीत सागाचा भुसा होता, धुराचं नाव नव्हतं.

बाहेर माणिक सुतार फळीच्या कापावर अंगठा फिरवत होते. "रंधा मारायचं काम न्हाई राह्यलं," ते आत्याला म्हणाले, आणि आणखी दोन ओंडके कधी आणू असं विचारलं. नागनाथकाका चपला घालत होते. दारापाशी थांबून म्हणाले, "वैनी, दुपारी जेवायला तिकडंच या," आणि गेले. गाळ्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, निदान तिच्यासमोर नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी परत निघालो. सगळ्या प्रवासात अप्पा खिडकीबाहेर बघत होते. घरी पोचलो तर आई दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. कायमची घरी येणाऱ्या नणंदेवरून ओवाळून टाकायला तिने सगळी तयारी केली होती. आमच्या मागे कुणी नाही बघून तिचा हात तसाच राहिला.

"अक्का कुठं हायत?" तिने विचारलं.

"अक्का तिच्या घरी हाय," अप्पा म्हणाले.

आईने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, धोतरावरच्या काळ्या डागाकडे बघितलं, आणि काही न विचारता तो तुकडा त्यांच्यावरूनच ओवाळून टाकला. असल्या गोष्टींची अप्पांना चीड. त्या दिवशी मात्र पाणी डोळ्यांना लागेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर गप्प उभे राहिले.